पिकअपला बटण बसवलं तेव्हा

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आता जोर राहिलेला नाही. वीस-बावीस वर्षं मसाला चाळला, त्यात अंगठ्याचं मूळ झिजलं असं डॉक्टर म्हणाले. भाकरी थापता येते, कपडे घासता येतात, पिळता येत नाहीत. चिमटीत धरून फिरवायचं असं काहीच जमत नाही. बरणीचं झाकण, नळ आणि गाडीची किल्ली.

लालबागला आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. हे मशीनवर असतात. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गल्ल्यावर बसतात आणि मिरचीची खरेदी बघतात. पिकअप मी चालवते. ह्यांना एका डोळ्याने कमी दिसतं, त्यामुळे त्यांना लायसन मिळालं नाही. भाऊजींना गाडीची भीती वाटते, पण ते तसं म्हणत नाहीत, ट्रॅफिकचा कंटाळा येतो म्हणतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मालाची गाडी चालवायला आधी आठवी पास लागायचं. ती अट निघाली तेव्हा मी अर्ज भरला. मी पास होईन असं घरात कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

लोकांशी बोलणं मला लहानपणापासून जड जातं. दुकानात बाया येतात, धणे किती घालू, मिरची भाजून आणली ती चालेल का, असं विचारतात, आणि मला उत्तर सुचेपर्यंत त्या पुढच्या गोष्टीवर गेलेल्या असतात. घरी आल्यावर मला सगळी उत्तरं सुचतात. गाडीत तसं होत नाही. समोर रस्ता असतो. हॉर्न वाजवला की पुरतं, तोही मी कमीच वाजवते. दादरच्या खानावळी, गिरगावातली दुकानं, खोताच्या वाडीतली दोन घरं, कफ परेडचं मच्छीमार नगर, एवढ्या ठिकाणी माल पोचवायचा. पिशवी द्यायची, मान हलवायची, परत गाडीत.

अंगठा दुखायला लागल्यावर मी एक युक्ती काढली होती. किल्लीच्या डोक्याला भोक असतं. त्यात उलथण्याचा दांडा घालायचा आणि तळव्याने खाली दाबायचा. किल्ली फिरते, गाडी चालू होते. उलथणं मी सीटखाली ठेवायची. वर्षभर ते कोणाला कळलं नाही.

होळी होऊन गेली होती आणि मसाल्याचे दिवस सुरू झाले होते. मच्छीमार नगरात माल उतरवला, गाडीत बसले, दांडा दाबला आणि किल्ली मोडली. अर्धी लॉकमध्ये, अर्धी उलथण्याला लटकलेली. बाहेर सुकट वाळत घालणाऱ्या बाया होत्या. त्यातली एक खिडकीशी आली, उलथणं बघितलं आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "ही बाय गाडीतच भाकऱ्या भाजते गं."

दुसरी म्हणाली, "भाज भाज, कालवण आम्ही देतो."

त्या वाईट नव्हत्या. त्यांनीच मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. पण मला फोन करून घरी सांगावं लागलं. भाऊजी टॅक्सीने आले आणि दुसऱ्या एका टेम्पोला टोचन लावून गाडी परळला ओढत आणली. मी ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून बसले होते. पुढच्या टेम्पोत भाऊजी सारखे मागे वळून बघत होते.

परळला गाडीचं वायरिंग करणारे एक म्हातारे मालवणी काका आहेत. गाडी त्यांच्याकडे सोडून आम्ही घरी आलो. जेवताना भाऊजींनी उलथण्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सासूबाई हसल्या. हे हसले नाहीत.

मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाताचं एवढं झालंय तर सांगायचं नाही का? आता तुम्ही दगदग करू नका. लॉक बदलून घेतो. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, सोमवारपासून येईल. तुम्ही आरामात गल्ल्यावर बसा. मी खरेदीला मोकळा."

ते चांगल्या मनाने बोलले हे मला कळत होतं. पण गल्ल्यावर म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं. दादरच्या खानावळीच्या मालकीणबाई त्यांच्या गाडीत बसतात आणि नुसतं एक बटण दाबतात, किल्ली पर्समध्येच राहते, हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं. मनातल्या मनात ते बटण आमच्या गाडीला मी कधीच लावून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "सोमवारी गाडी मी चालू केली तर?"

"कशी करणार? उलथण्याने?"

"कशीही. केली तर ड्रायव्हर नको."

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू दे तिला." एवढंच. मग त्यांनी आमटी मागितली. दिवस होता गुरुवार.

शुक्रवारी सकाळी मी एकटी परळला गेले. काय बोलायचं ते चालताना तीनदा म्हणून घेतलं होतं. काका बाकावर बसून चहा पीत होते.

"काका, लॉक नको. बटण बसवायचंय. आणि दरवाजाही रिमोटने उघडायला हवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय गो बाय, गाडी तुझी काय घोवाची?"

"आमची."

"आमची म्हणजे कोणाची? उद्या काय बिघाडला तर इचारूचा कोणाक?"

"मला."

"तुका बटन कित्याक होया? लॉक बदलून देतंय, नवी किल्ली देतंय. अर्ध्या दिवसाचा काम. बटन म्हणजे हौस."

इथे माझे म्हणून आणलेले शब्द संपले. मी बाकावरची त्यांची किल्ली उचलली, चिमटीत धरली आणि फिरवून दाखवायला गेले. ती खाली पडली. परत उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा मी वाकले तेव्हा काका म्हणाले, "रव, रव. मगे आधी सांगूक काय झाला होता?" आणि चहा तसाच ठेवून गाडीकडे गेले.

शुक्रवार, शनिवार आणि रविवारी दुपारपर्यंत मी तिथेच होते. सकाळी घरचा स्वयंपाक उरकायचा आणि जायचं. काकांना आधी ते आवडलं नाही. "गाडी चोरतंय काय मी?" म्हणाले. पण मला बघायचं होतं. उद्या रस्त्यात काही झालं तर फोन करून कोणाला बोलवायचं नव्हतं.

त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. आत तारांचा गुंता. मोडलेल्या किल्लीसकट जुनं लॉक निघालं. स्टिअरिंग अडवणारी खिट्टीही काढून टाकावी लागली, नाहीतर चालत्या गाडीत स्टिअरिंग अडकेल. आमच्या किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, ती जवळ असल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ती चिप त्यांनी आतल्या बाजूला कायमची चिकटवली. दोन्ही दरवाज्यांत लॉकच्या मोटरी बसवल्या. मी टॉर्च धरत होते, पकड हातात देत होते. शनिवारी दुपारपासून ते न मागता मला तारांचे रंग सांगायला लागले. मी ते मुलीच्या जुन्या वहीत लिहून घेतले.

"क्लच दाबल्याशिवाय बटन चालूचा नाय," ते म्हणाले. "गिअरमध्ये रवली आणि बटन दाबलंस तर गाडी उडी मारतली. म्हणून तिकडे स्विच घातलंय. समाजला?"

"समजलं. आणि रिमोटचा सेल संपला तर?"

काका म्हणाले, "हां, ह्या कोण इचारीत नाय." मग त्यांनी रिमोट बटणाला टेकवून दाबायचं दाखवलं. दरवाज्यासाठी रिमोटच्या पोटात एक पातळ किल्ली असते, तीही दाखवली. ती फिरवायला मला जमली नाही. तीनदा करून बघितलं. काका म्हणाले, "ती कोणाक तरी फिरवूक सांग." मी म्हटलं, नको, वरचेवर सेल बदलेन. दोन सेल त्यांच्याकडूनच घेतले.

रविवारी दुपारी मी रिमोट ब्लाउजमध्ये खोचून गाडीकडे गेले, तर दार आपोआप खट् करून उघडलं. क्लच दाबला, बटण दाबलं, गाडी चालू. मी ते अनामिकेने दाबलं, कुंकू लावतात त्या बोटाने, कारण अंगठा पुढे करायचं आता मनातच येत नाही. दहा वेळा बंद केली, दहा वेळा चालू केली. काका म्हणाले, "पुरे गो, बॅटरी खातलंस."

गाडी घेऊन घरी आले. भाऊजी मिरचीच्या खरेदीला गेले होते, त्यांनी बघितलं नाही. सासूबाईंनी रिमोट हातात घेऊन उलटापालटा केला.

"नवीन किल्ली आहे, रात्रभर देवापुढे राहू दे."

"आई, ही किल्ली नाही."

"गाडी उघडते ना हिने? मग किल्लीच."

त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, मिरचीची पूड जाऊ नये म्हणून स्टीलच्या डबीत घातली, घट्ट झाकण लावलं आणि देवापुढे ठेवली. सोमवारी सकाळी मी नमस्कार केला आणि डबी तशीच पर्समध्ये टाकली.

खाली उतरले तर ड्रायव्हर आलेला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. भाऊजी त्याच्याशी बोलत उभे होते. हे दुकानाच्या दारात. शेजारचे दुकानदार, दोन गिऱ्हाईकं. गाडीत माल भरलेला होता. मी गाडीपाशी गेले. दार उघडलं नाही. जरा मागे जाऊन परत गेले. नाही. दुसऱ्या बाजूने गेले. तिथेही नाही.

"वहिनी, तिला आधी आरती हवी असेल," भाऊजी म्हणाले.

शेजारचा म्हणाला, "दारच उघडेना, इंजिन तर लांबच राहिलं."

ड्रायव्हर हसला नाही. त्याने हळू आवाजात विचारलं, "साधी किल्ली आहे का, ताई? मी उघडून देतो."

रिमोटच्या पोटात ती होती. त्याने फिरवली असती तर दार उघडलं असतं, आणि मग तोच आत बसला असता.

"थांबा," मी म्हटलं.

मला लाज वाटत होती. पण मी तीन दिवस तारा बघितल्या होत्या. तारा रात्रीत पळून जात नाहीत. काल चालली आणि आज नाही, तर काल आणि आज यात वेगळं काय, एवढंच शोधायचं होतं. सेल नवा होता. गाडी तीच, जागा तीच. काल रिमोट ब्लाउजमध्ये होता. आज डबीत. आमच्या समोरच्या नव्या इमारतीत मी माल द्यायला जाते, तिथल्या लिफ्टमध्ये दार लागलं की फोनची रेंज जाते. चारी बाजूंनी पत्रा.

मी पर्समधून डबी काढली. झाकण अंगठ्याने निघेना. घट्ट बसलं होतं.

"द्या इकडे," भाऊजी पुढे आले.

मी डबी दिली नाही. दातात झाकणाची कड धरली आणि ओढलं. झाकण निघालं, आतलं कुंकू उडून ओठांना लागलं, आणि त्याच वेळी दोन्ही दरवाज्यांत खट् झालं. शेजारचा दुकानदार दचकून एक पाऊल मागे सरला.

मी आत बसले, क्लच दाबला, बटण दाबलं. इंजिन चालू झालं. मी ते बंद केलं आणि परत चालू केलं, म्हणजे एकदाच झालं असं कोणाला म्हणता येऊ नये.

भाऊजी खिडकीशी आले. ड्रायव्हर त्यांच्या मागे होता. ते कपाळ खाजवत म्हणाले, "बरं, मग आठवडाभर ह्यांना असंच सोबत..."

"नको," मी म्हटलं. मग मान खिडकीबाहेर काढून ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, तुमची फेरी फुकट गेली. चहा घेऊन जा. गाडी मी चालवते."

अनोळखी माणसाशी एका दमात एवढं मी याआधी कधी बोलले असेन असं मला आठवत नाही.

तो म्हणाला, "चालेल ताई. ओठ पुसा तेवढे."

मी पदराने ओठ पुसले. दुकानाच्या दारातून ह्यांनी हाताने खूण केली, मागे काही नाही, ये. मी गाडी मागे घेतली.

त्या दिवशी गिरगावात सहा ठिकाणी थांबले आणि सहा वेळा गाडी चालू केली. खोताच्या वाडीतल्या आजी आपल्या बाटली मसाल्याची पिशवी घ्यायला बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज आवाज न करता आलीस. गाडीचा आवाज तेवढाच होता. उलथण्याची खडखड तेवढी नव्हती.

मंगळवारी भाऊजींनी ड्रायव्हरचा विषय काढला नाही. बुधवारी सकाळी त्यांनी कफ परेडच्या मालाची यादी माझ्या हातात दिली. खाली दोन नवीन नावं वाढलेली होती.

"मच्छीमार नगरातूनच आलीत ही दोन," ते यादीकडे बघत म्हणाले. "जमेल ना वहिनी, एक खेप जास्त?"

मी मान हलवली आणि गाडीत चढले.