सहावा डाग

तिचा फोटो पाहिला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

ती म्हणजे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी नागपूरची मुलगी. इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करते आणि मला काकू म्हणते. आकाशाच्या फोटोंचा नाद तिला मीच लावला. आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात पहिल्यांदा हाताला धरून नेलं तेही मीच. बंगळूरच्या आकाशात रात्री धड चार तारे दिसत नाहीत, म्हणून आम्ही दोघी सूर्याचे फोटो काढायचो. रविवारी सकाळी नाश्ता उरकून गच्चीवर जायचं, दुर्बिणीच्या तोंडावर सूर्याचा फिल्टर घट्ट बसवायचा आणि आळीपाळीनं कॅमेरा लावायचा. दुर्बीण माझी, कॅमेरे जिचे तिचे.

सहा वर्षं मी हे करत होते. ही आली आणि आठ महिन्यांत माझ्या पुढे गेली. मंडळात कोणी काही विचारलं की आधी मान माझ्याकडे वळायची, ती आता तिच्याकडे वळायला लागली. "अक्का, तुमची शिष्या भारी हं!" असं कोणी म्हणालं की मी हसायची. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरातच आदळायची. नवरा विचारायचा, काय झालं? काय सांगणार, डोंबल?

मंडळाची दरवर्षी एक स्पर्धा होते. स्पर्धा कसली, घरचाच मामला. चहा, कोडबळे म्हणजे इकडची कडबोळी, आणि जिंकणाऱ्याला एक लाकडी ढाल वर्षभर घरी ठेवायला. यंदाचा विषय होता सूर्य. ती ढाल मला हवी होती. माझ्या टीव्हीशेजारची जागासुद्धा मी पुसून ठेवली होती. हसा खुशाल.

आणि मंडळाची एक पद्धत आहे. फोटो पाठवायच्या आधी तो मला दाखवायचा. निपाणीहून लग्न होऊन इकडे आले आणि तीस वर्षं यशवंतपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. भिंग घेऊन धातूच्या पट्ट्यांवरचे ओरखडे शोधायचे, हेच काम. त्यामुळे फोटोतली धूळ मला लगेच दिसते. कॅमेऱ्यात एक कण बसला तरी सूर्यावर डाग उमटतो आणि नवखा माणूस त्याला खरा सौरडाग समजतो. "अक्कांनी बघितलाय" म्हटलं की पुढे कोणी तपासत नाही.

तर ती लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. त्याच रविवारी, त्याच दुर्बिणीतून आम्ही दोघींनी काढलेला सूर्य. माझा चांगला होता. तिचा मात्र बघत राहावा असा. पृष्ठभागावर रवा पसरल्यासारखे दाणे दिसत होते, एकेका डागाभोवतीची करडी झालर सुटी सुटी दिसत होती. अगं बाई, हे माझ्या दुर्बिणीतून?

मी चष्मा नीट केला आणि फोटो मोठा करून बघितला. उजव्या कडेला, खाली, एक छोटा गोल डाग. झालर नाही, कडा पुसट. धूळ! दोन सेकंदही लागले नाहीत मला.

"काकू, बघा ना नीट. काही राहिलं तर नाही ना? माझे बाबा व्हिडिओ कॉलवर बघणार आहेत."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कॅमेऱ्यात धूळ आहे, फोटोतला तो डाग काढून टाक, झालं. पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे. पाठव." तिनं मला मिठी मारली. मी चहा टाकला, वर तिला डब्यातला चिवडाही दिला.

स्पर्धा इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. परीक्षक कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक. तिचा फोटो पडद्यावर आला आणि हॉलमध्ये एकदम "अरे वा!" झालं. प्राध्यापक उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "त्याच सकाळचा दुसरा एक फोटो आहे ना? तो जरा शेजारी लावा, स्वल्प."

तो माझाच होता. माझ्या सूर्यावर पाच डाग, तिच्या सूर्यावर सहा.

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, "नवा डाग शोधलास की गं!" मग सगळेच हसले. तिच्या हातातल्या फोनवर तिचे बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. तिचा चेहरा लाल झाला आणि ती पटकन म्हणाली, "पण काकूंनी बघितला होता."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हेच तर हवं होतं ना मला!

"चष्मा नव्हता त्या वेळी," मी म्हणाले.

लोकांनी मान डोलावली, वय झालं म्हणून समजूनही घेतलं. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला. चष्मा माझ्या नाकावर होता, हे तिला ठाऊक होतं.

ढाल बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना गेली. त्यांच्या सूर्यावरून एक घार उडत चालली होती. डाग जेमतेम दिसत होते, पण लोकांना घार आवडली. माझा फोटो चौथा आला. चौथ्याला काही नसतं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, कारण दोघींना एकाच ठिकाणी जायचं होतं. उड्डाणपुलावर बस चढल्यावर ती म्हणाली, "काकू, तुम्हाला दिसला होता ना?"

पुन्हा चष्म्याचं सांगावं असं क्षणभर वाटलं. लाज वाटली. "हो," मी म्हणाले. "तुझा फोटो माझ्यापेक्षा चांगला होता. मला सहन झालं नाही."

ती ओरडेल, रडेल, उठून दुसरीकडे बसेल असं वाटलं होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. मांडीवरची बॅग नीट केली.

"मग निदान जिंकायचं तरी होतं ना, काकू," ती म्हणाली.

हे बोलताना ती हसली नाही.