चोर हाऊ शे!

माझ्या सासऱ्यांइतका नालायक शिपाई उभ्या खानदेशात झाला नाही, आणि हे मी त्यांचा जावई म्हणून नव्हे, त्यांचा कायमचा आरोपी म्हणून सांगतो आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येत, मागोमाग आम्ही जावई जात असू. त्या दिवशी पारोळ्याकडच्या त्या गावात घरोघर पत्त्यांचे डाव बसत. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पत्ते खपत नसत. त्यांच्या ओसरीवर चोर-शिपाईच. डझनभर चिठ्ठ्या, एकीवर राजा, एकीवर चोर, बाकी सगळी रयत. शिपायाची चिठ्ठी नसेच, कारण शिपाई कायम नाना. शिवाय त्यांचा खास कायदा असा, की शिपाई ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याने आधी कान धरून पाच उठाबशा काढायच्या आणि चिठ्ठी मग उघडायची. असला कायदा इंग्रजांनासुद्धा सुचला नव्हता!

तपास मात्र बघत राहावा असा. सगळ्यांच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवायचे. चोराच्या तोंडाला कोरड पडते, त्याचा गूळ लवकर विरघळत नाही म्हणे. मग तळहात हुंगायचे, पायाचे अंगठे निरखायचे, सासूबाईंना गावातल्या विहिरी मोजायला लावायचे. एवढं झाल्यावर डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि ते काठीसारखं बोट सरळ माझ्यावर रोखायचे. "चोर हाऊ शे!"

दर डावाला मीच. लग्न ब्याऐंशीचं, तेव्हापासून मीच. मी जळगावात शाळामास्तर. कॉपी करणारा मुलगा मी नुसत्या पाठीवरून ओळखतो. आणि मी खापराच्या चार पुरणपोळ्या पोटात घेऊन सासुरवाडीत उठाबशा काढायच्या! कुरकुर केली की नाना म्हणत, "बठ्ठा देखी ऱ्हायनात, काढा पाव्हना." आणि सगळे खरंच बघत असत. एका वर्षी मला ताप होता, मी खेळात नव्हतोच, आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडलो होतो. डाव रंगला, गूळ वाटून झाला आणि दार उघडून बोट आत आलं. "चोर हाऊ शे!" गोधडीतल्या गोधडीत मी कान धरले. बायको हसून हसून खाली बसली. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

उठाबशा झाल्या की खरा चोर चिठ्ठी दाखवी. त्यातही अक्काचा मला फार राग येई. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. तरुणपणी माहेरी आली ती तिथेच राहिली. तिच्याकडे चोराची चिठ्ठी आली की मी घामाघूम होऊन बसल्यावर ती मूठ उघडी आणि बोळक्या तोंडाने ओरडे, "मी शे चोर! मी शे!" टाळ्या काय पिटी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसे काय. माझ्या अपमानावर ही बाई वर्षभर जगते, अशी माझी खात्री झाली होती.

मग एका आखाजीला नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी. शिपाईपद थोरला जावई म्हणून माझ्याकडे आलं. नाना एवढंच म्हणाले, "मास्तर, जरा दम धरी." मी दम धरणार? सात वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता. गूळबीळ काही न वाटता मी नुसती एक नजर फिरवली. अक्काची मूठ पदराखाली होती आणि ती मला सोडून सगळीकडे बघत होती. मी बोट रोखलं. "चोर अक्का!"

कुणी हसलं नाही. अक्काचा चेहरा उतरला. ती नानांकडे वळली आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "भाऊ, मी काही लिधं नही."

नाना चाचपडत उठले. "ती चिठ्ठी मनी शे. मीच बदलाई," म्हणत चोरी स्वतःवर घेतली, आणि पट्टी बांधलेल्या त्या म्हाताऱ्याने कान धरून पाच उठाबशा काढल्या. गुडघे वाजत होते. मी सावरायला पुढे झालो, तर त्यांनी मला कोपराने बाजूला केलं.

परतीच्या एस.टी.त बायकोने सांगितलं. अक्काच्या सासरी चांदीची वाकी हरवली, सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि ती 'मी काही घेतलं नाही' म्हणत असतानाच तिला माहेरी धाडलं. वाकी पुढे ज्वारीच्या कणगीत सापडली. न्यायला कुणी आलं नाही. त्या अक्काला वर्षातून एक दिवस खरोखर चोर होऊन सुटायला मिळावं, म्हणून हा खेळ होता. आणि नानांनी बाकीचे चोर बरोबर पकडले असते, तर अक्काला मुद्दाम सोडतात हे तिला कळलं असतं. म्हणून दर वेळी चुकायचं, दर वेळी मी.

मी पुढच्याच रविवारी जाऊन भांडलो. मला आधी सांगता येत नव्हतं? नाना शांतपणे म्हणाले, "सांगतू तं तुम्ही नाटक करतात. तुमना राग खरा व्हता, म्हनीसन अक्काले खरं वाटे." पुढच्या आखाजीला अक्का ओसरीवर आलीच नाही, आत पोळ्या लाटत बसली. त्याच्या पुढच्या वर्षी आली. त्या दिवशी नानांचं बोट माझ्यावर येताच मी त्यांच्याशी इतका कडाडून भांडलो, इतका आरडाओरडा केला, की शेजारचे पत्ते टाकून बघायला आले.

नाना आता नाहीत. शिपाई मी आहे. धाकटे साडू धुळ्याला बँकेत असतात, मोठे मानी गृहस्थ. दर डावाला मी बोट त्यांच्याकडेच रोखतो. यंदा तर ते बायकोला म्हणाले, "हा माणूस डोक्यावर पडलाय, पुढच्या वर्षी मी येणार नाही." मी त्यांना काही सांगितलेलं नाही. अक्का मूठ उघडून हसू लागली की मी एकदा तिच्याकडे बघतो, एकदा साडूंच्या लाल चेहऱ्याकडे. आणि मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्याकडे बोट दाखवणारं आता कुणी राहिलं नाही.