बिरसाचा रिकामा पोर्ट

भूत समोर आलं तर आधी त्याचं ओळखपत्र मागेन, असा मी माणूस! कुणाच्या अंगात आलं की पहिल्या रांगेत बसून हसणारा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच गंमत वाटतेय... आणि थोडं कसंतरीही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये मी टेक्निशियन. एकेकाळी तिथे बावीस माणसं होती. बदल्या, निवृत्ती होत होत मी एकटा उरलो. खुर्च्या मात्र बावीसच्या बावीस! रोज वेगळ्या खुर्चीवर बसून डबा खायचो, म्हणजे कुणाला राग नको.

सोबतीला एक जुनं एटीएम स्विच. पैसे देणारं नव्हे हो — ते असतं तर इतका एकटा पडलो असतो का? हे फोनवरचं बोलणं एकसारख्या बारीक पाकिटांत कापून पुढे पाठवायचं. आतलं एक कार्ड चौकातल्या हवालदारासारखं प्रत्येक लाइनला पाळी द्यायचं, ठरलेल्या वेगाबाहेर कुणाला जाऊ द्यायचं नाही. माणूस बोलला की पाकिटं निघणार, गप्प बसला की थांबणार. आणि पडद्यावर त्या त्या लाइनवरून आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांचा आकडा पळणार. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बिरसा गावच्या एक्स्चेंजवर मेश्रामभाऊ होते. जंगलातलं ठिकाण, तेही एकटेच. रोज दुपारी साडेतीनला, आम्हा टेक्निशियनांच्या आपसातल्या सर्व्हिस लाइनवर त्यांचा फोन.

"काय गा नागपुरे, आज कोनाच्या खुर्चीवर बसून जेवला?"

"आज मोठ्या साहेबाच्या!"

"मंग पगार वाढला असन तुहा."

हे बोलणं तुटू नये म्हणून मी एक चोरटं काम करून ठेवलं होतं. त्या लाइनला सगळ्यांच्या आधीची पाळी आणि राखीव वेग! शेजारच्या वारासिवनी गावाची लाइन कितीही भरून वाहो, भाऊंचा खोकलासुद्धा स्वच्छ ऐकू यायचा.

भाऊंची एक खोड होती. फोन ठेवताना तीनदा "हौ" म्हणायचे. "हौ... हौ... हौ." मग खटकन बंद. तिसरा हौ येईपर्यंत मी ठेवायचा नाही, हा आमचा नियम.

तो मी एकदाच मोडला. "थांब ना गा, एक सांगाचं राह्यलं," भाऊ म्हणत होते. इकडे तपासणीला साहेब आले होते. "उद्या सांगा भाऊ," म्हणालो आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन आला नाही. भाऊ सकाळीच गेले होते. हार्ट अटॅक.

पुढे बिरसाचं एक्स्चेंज बंद झालं, केबल काढून नेली. आमच्या बाजूला ती केबल जिथे खोचलेली असायची, त्या रिकाम्या पोर्टवर रबराचं टोपण मी माझ्या हातांनी बसवलं. राखीव पाळी मात्र काढवेना. कार्ड बिचारं प्रत्येक फेरीत त्या लाइनपाशी थांबायचं — आहे का कुणी? — आणि पुढे जायचं.

दोन वर्षांपूर्वी स्विचच भंगारात काढायचं ठरलं. जबलपूरहून तिवारीजी इंजिनिअर आले. शेवटचा दिवस, भर दुपार, खाली रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्यांची घरघर. घड्याळात साडेतीन झाले... आणि पडद्यावर बिरसाचा आकडा पळू लागला!

"तिवारीजी, ये देखिए."

त्यांनी टोपण काढून आत टॉर्च मारला. "पोर्ट तो खाली है, भाईसाहब. पुराना कार्ड है, कचरा दिखा रहा है. निकाल दूँ?"

कचरा असता तर वेडावाकडा पळाला असता. हा बरोबर एका माणसाच्या बोलण्याच्या वेगाने पळत होता. मग थांबे. पुन्हा पळे, थांबे. कुणी बोलून उत्तराची वाट बघावी, तसा.

"आप चाय पीकर आइए," मी म्हणालो.

"आप नहीं चलेंगे?"

"मेरा फोन आया है."

तिवारीजी हसत जिना उतरले. मी सर्व्हिस फोन उचलला. आत काही नाही, खरखरसुद्धा नाही.

"भाऊ?... मी नागपुरे."

मी बोलत असताना आकडा थांबलेला. गप्प झालो, तो पळाला. पुन्हा बोललो, थांबला. मंडळी, मग माझं तोंडच सुटलं! सगळं सांगितलं. डबा आता एकाच खुर्चीवर खातो, कारण विचारणारं कुणी नाही. घरी पोरं हिंदीत बोलतात, "काय गा" म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मग म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी मधातच ठेवला. काय सांगाचं होतं, सांगा आता. मी थांबून राह्यलो."

आकडा पळू लागला. खूप वेळ पळाला. कानात अक्षर येत नव्हतं, तरी मी ऐकत राहिलो, अधूनमधून हुंकार देत. जिन्यात तिवारीजींच्या चपला वाजल्या.

"भाऊ, ठेवू का?"

आकडा थांबला. मग जरासा हलला, थांबला. पुन्हा जरासा हलला, थांबला. तिसऱ्यांदा... आणि शून्य.

तेव्हा कुठे मी फोन ठेवला. कार्ड तिवारीजींना काढू दिलं नाही, मीच काढलं.

नंतर अनेक जाणत्यांना विचारलं. कुणी म्हणतं आकडा मोजणारा काउंटर बिघडला असेल, कुणी म्हणतं शेजारच्या पोर्टचा परिणाम. असेलही. पण बिघडलेला काउंटर माझ्या बोलण्याला थांबतो कसा? आणि भाऊंना सांगायचं काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही. या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एवढंच.