पंजाबरावांचा शेक

पंजाबराव भिलाईच्या भट्टीवर उभी हयात घालवलेला माणूस. तापवलं की लोखंडसुद्धा पाण्यासारखं वाहतं, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडल्या गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं.

बायकोच्या, गयाबाईंच्या, छातीतली कॅन्सरची गाठ काढली, सोबत काखेतल्या गाठीही काढल्या, आणि पुढे डावा हात पाणी साचून, सुजून केळीच्या खांबासारखा झाला. तेव्हाही पंजाबरावांनी तेच औषध काढलं. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये दाराला अडसर म्हणून भट्टीच्या विटेचा एक तुकडा पडलेला असे. तो गॅसवर तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि हातावर दाबून धरायचा. ती म्हणायची, नका जी, भाजते. हे म्हणायचे, भाजल्याशिवाय पाणी वाहीन काय? हात लालभडक होऊन वरचेवर ताप यायचा, तरी शेक थांबला नाही. मायाच होती ती, पण आंधळी.

शेवटी रायपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. हातातलं पाणी वाहून नेणारी एखादी बारीक वाहिनी अजून चालती असेल, तर ती शिरेला जोडता येईल. नसेल तर हात असाच राहणार. म्हणून आधी तपासणी. बोटांच्या बेचक्यांत हिरव्या औषधाच्या सुया टोचल्या, दिवे मालवले, हातावर कॅमेरा धरला.

पडद्यावर मनगटापाशी औषधाची एक पांढरी रेघ सरकू लागली, म्हणजे तिथली वाहिनी चालती होती. बाईंनी लगेच पेनानं कातडीवर खूण केली. रेघ थोडी वर चढली आणि धुक्यासारखी पसरून गेली. तिथून पुढे एकही रेघ नाही. वीट ठेवायची ती हीच जागा. पंजाबरावांनी ती लगेच ओळखली.

एक जोड करता येईल, बाई म्हणाल्या, पण हात पुरता हलका होणार नाही. मग कातडीवरचे काळे डाग बघून त्यांनी विचारलं, इथं शेक कोणी दिला?

पंजाबरावांनी तोंड उघडलं, पण गयाबाई आधी बोलल्या.

"मीच घेत होती जी. हे त नाहीच म्हनत होते."

मग बाईंनी तिला चांगलंच झापलं. शेकानं सूज वाढते, भाजल्या जागेतून जंतू शिरतात, दर तापात वाहिन्या मरतात. ती खाली मान घालून ऐकत राहिली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. भट्टीपुढे कधी न डगमगलेला माणूस कातडीवरची पेनाची खूण बघत राहिला.

"घरच्यांचं ऐकलं असतं तर?" बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या.

पंजाबरावांनी मान डोलावली, आणि डोलावता डोलावताच त्यांना स्वतःची अशी किळस आली की बायकोकडे बघवेना.