खालून चालणारे आजोबा

इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत रोज पाच वाजता तिघं जण सरावाला यायचे. दारावर पाटी होती: ‘बरोक संगीत’. तीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं म्हणे. असेना का! छतातून सूर झिरपायला लागले की मावशींचं दुकान वाफेसकट जागेवरून सुटायचं आणि कुठंतरी तरंगत राहायचं.

तिन्ही वाद्यं फुंकायची. मावशींनी त्यांची नातीच लावून टाकली होती. बासरी ही नात, सारखी उड्या मारणारी. ओबो ही नाकात बोलणारी नणंद. आणि सगळ्यांच्या खालून, जाड आवाजात, एकेक पाऊल टाकत चालणारे ते आजोबा. कौतुक सगळं नातीचं, पण मावशींचा हात चालायचा आजोबांबरोबर. त्यांचं एक पाऊल, इस्त्रीचा एक फेरा. सहा वर्षांत कपडा जळेल, काय बिशाद!

एका सोमवारी वरच्या तिघांतला तो काडीपैलवान पांढरा शर्ट टाकायला आला.

"घाई नाही मावशी. वाजवणं सोडलं मी."

"का रे बाबा?"

"टाळ्या त्या दोघींना. माझं कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. मी नसलो तर कुणाचं काय अडतंय?"

मावशी हळहळल्या, पण हा वाजवतो काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

पाच वाजता नात उडाली, नणंद बोलली. मावशींनी कॉलरवर इस्त्री टेकवली आणि आजोबांच्या पावलाची वाट पाहिली. आलं नाही. आत्ता येईल म्हणून थांबल्या. जळका वास आला तेव्हा कुठं भानावर आल्या. शर्ट नेमका काडीपैलवानाचा! मावशींना रडूच कोसळलं, पण ते कॉलरसाठी नव्हतं. आजोबा गेले की काय, या धास्तीनं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला.

"जाळला रे तुझा शर्ट. नवा घेऊन देते. पण आधी मला सांग, ते आजोबा कुठं गेले?"

"कुठले आजोबा?"

मावशींनी टेबलावर ठेका धरला आणि घूं, घूं, घूं करत चालून दाखवलं. "हे. माझा हात यांच्यावरच चालतो. काल वाट बघत बसले, आणि हे असं झालं."

त्यानं शर्ट हातात घेतला. मग डागावरून त्यानं हळूच बोट फिरवलं.

"किती वेळ बघितलीत वाट?"

"एवढं जळेपर्यंत."

तो जळका शर्ट टीशर्टवरच चढवून तो जिना चढला. जरा वेळानं छतात पहिलं पाऊल पडलं.

"अगं बाई! या काडीत आजोबा?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांची इस्त्री चालायला लागली.