शब्दकोशाची मंदावलेली डिस्क

नव्वदच्या दशकात मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक तेव्हा खानदेशी बोलीचा शब्दकोश करत होते. त्यांचं जुनं मशीन बंद पडलं म्हणून महिन्यापूर्वी मीच त्यांना नवं, विंडोजवालं मशीन बसवून दिलं होतं. कोशाचा प्रोग्राम मात्र जुनाच, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा.

एका सकाळी गुरुजींचा फोन आला. "एक शब्द शोधायला दिला की माझा चहा पिऊन होतो, तरी सापडत नाही. शब्द वाढले म्हणून असेल असं समजून महिनाभर गप्प बसलो. पण जुनं मशीन इतकं हळू नव्हतं हो."

मी एसटीने धुळ्याला गेलो. गुरुजींनी 'आंडोर', म्हणजे मुलगा, हा शब्द शोधून दाखवला. डिस्कचा लाल दिवा लागला तो लागलाच. गुरुजींच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, दारातून डोकावल्या.

"काय व्हयनं भाऊ, मशीन थकी गयं का?"

"बघतो अक्का," मी म्हणालो. आधी वाटलं, डिस्कवर माहिती विखुरली असेल. ती नीट लावायला दिली. तासभर पडद्यावर रंगीत चौकोन सरकत राहिले आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. शेवटी 'आंडोर' पुन्हा शोधला. तेवढाच वेळ.

मग मी डिस्कच तपासली. एकही जागा खराब निघाली नाही. तरी म्हणालो, "गुरुजी, डिस्कच मरायला टेकली असावी." त्यांचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांचं काम त्या डिस्कवर होतं. मला माझीच लाज वाटली. खात्री नसताना बोलायला नको होतं.

एक गोष्ट अजून बघितली नव्हती. विंडोजमध्ये डॉसचा प्रोग्राम चालवला की त्याच्यासाठी आत एक नकली कॉम्प्युटर तयार होतो. प्रोग्रामला वाटतं, सगळं मशीन आपलंच आहे. प्रत्यक्षात डिस्कपर्यंत त्याला विंडोजमार्फतच जावं लागतं. मी मशीन नुसत्या डॉसवर सुरू केलं आणि तोच शब्द शोधला. पापणी लवायच्या आत आला! म्हणजे डिस्क धडधाकट, प्रोग्रामही धडधाकट. अडचण मधल्या वाटेत होती.

विंडोजच्या सेटिंगमध्ये गेलो, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: डिस्क जुन्या डॉसच्या पद्धतीने वापरली जात आहे. मशीन सुरू होताना वाचली जाणारी फाईल उघडली. तिच्यात जुन्या डिस्कच्या ड्रायव्हरची, म्हणजे ती डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामची, एक ओळ होती. त्या ओळीमुळे विंडोज स्वतःचा वेगवान रस्ता सोडून जुन्या वाटेने जात होतं.

आणि ती ओळ मीच आणली होती. घाईत जुन्या मशीनच्या डिस्कवरची फाईल जशीच्या तशी उतरवली होती.

ओळ काढली, मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजमध्येही 'आंडोर' लगेच आला. सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. मग सांगून टाकलं, "गुरुजी, चूक माझीच होती. महिनाभर तुम्हाला उगाच त्रास झाला."

गुरुजी हसले. "आयुष्यभर वह्या तपासल्या मी. चूक सापडली की पोरं पान फाडायची. तुम्ही दाखवलंत तरी."

"बठ्ठं बराबर शे ना आते?" अक्कांनी विचारलं. सगळं बरोबर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग पहिले जेवी ले."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. जेवण झाल्यावर अक्का माजघरातून एकेक शब्द सांगू लागल्या आणि गुरुजी तो कोशात आहे का, ते शोधू लागले. पाच-सहा शब्द लागोपाठ सापडले. सातवा नव्हता. गुरुजींना केवढा आनंद! "चाळीस वर्षं संसार केला, हा शब्द कधी बोलली नाहीस!" अक्का म्हणाल्या, "तुम्ही कधी इचारं का?"

दुपारची गाडी मी सोडून दिली. पुढच्या गाडीला अजून दोन तास होते, आणि मला कुठलीच घाई नव्हती.