चुंबळींची रांग

उजवा हात दाराच्या चौकटीला आडवा लावायचा, कोपर ताठ ठेवायचं आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायचं, "नंबर लावा." आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या अक्कांची ही रीत होती. समोर पहिलीतली पोर असो की सरपंच, हात तेवढाच आडवा आणि आवाज तेवढाच.

मी मुदखेडचा. पहिली नेमणूक निलंग्याच्या अंगाला एका खेड्यात झाली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. अक्का पन्नाशीच्या असतील. उंचीनं माझ्या खांद्याला, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माहेर बीदरकडचं. बोलायच्या मराठीत, पण मोजायला लागल्या की कानडीत मोजायच्या. ओंदू, एरडू, मूरू. पोरांनी पाढ्यांआधी कानडी आकडे शिकून घेतले होते, आणि ते मला वर्गात सुधारावे लागत.

एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. मोटारसायकलवरून उन्हातून आलेले, घसा कोरडा पडलेला. सरळ रांजणाकडे गेले. रांजणापाशी चौथीच्या पोरी उभ्या होत्या. अक्कांनी हात आडवा लावला. "सायब, नंबर लावा." मला वाटलं, माझी नोकरी गेली. साहेबांनी इकडं तिकडं बघितलं, आणि खरंच पोरींच्या मागं जाऊन उभे राहिले. पाणी प्यायल्यावर शेरेबुकात 'शिस्त उत्तम' असं लिहून गेले. ती शिस्त माझी नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही. अशा माणसांच्या जिवावर आपण किती शेरे मिळवतो, हे तुम्हीही कधी आठवून बघा.

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, रंग ओला होता. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही आला नाही. विहिरी आटल्या. टँकर मारुतीच्या पारापाशी यायचा, तोही कधी सकाळी, कधी दुपारी, कधी उद्या. बायका पाराजवळ घागरी ओळीनं ठेवून कामाला जात. जिची घागर तिचा नंबर. घागरीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा कायदाही अक्कांचाच. त्याआधी एका बाईचं डोकं फुटलं होतं.

आता मागच्या निवडणुकीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या दिवशी अक्का मत द्यायला रांगेत उभ्या होत्या. चार बायका पुढे असताना टँकर आल्याची ओरड झाली. सगळ्या बायका पळाल्या, अक्काही पळाल्या. पाणी भरून परत येईपर्यंत रांगेचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे मी आधी, कुणी म्हणे मी. भांडणातच पाच वाजले आणि दार लागलं. निम्म्या बायका तशाच घरी गेल्या. ही गोष्ट अक्का मला रांजण घासता घासता सांगत. "पानी मिळालं गुर्जी, मत ऱ्हायलं. पानी संध्याकाळीच सरलं की." एवढं बोलून पुन्हा घासायला लागायच्या. मी हसण्यावारी नेई. मला वाटे, एका मताचं एवढं काय.

पुढची निवडणूक आली. केंद्र आमच्याच शाळेत. गावोगावच्या मास्तरांना ड्यूट्या लागल्या, मला लागली नाही. माझी फाईल जुन्या जिल्ह्यातून निघाली होती आणि नव्या जिल्ह्यात पोचली नव्हती, त्यामुळे सरकारच्या हिशेबी मी कुठेच नव्हतो. शाळेची किल्ली तेवढी माझ्याकडे. बाहेरगावहून आलेल्या केंद्राध्यक्षांनी मला हाताशी ठेवून घेतलं.

आदल्या दिवशी अक्का घरोघर हिंडल्या. बायकांना सांगितलं, "घागर पाराजवळ, चुंबळ शाळेत." चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर ठरावी म्हणून जुन्या लुगड्याची पिळून केलेली गोल कडी. मत द्यायच्या रांगेत चुंबळ ठेवायची, टँकर आला की पळायचं, पाणी भरून परत यायचं आणि आपापल्या चुंबळीपाशी उभं राहायचं. "आन् डोक्यावर काय घ्यावं?" एकीनं विचारलं. "पदर गुंडाळ की एक दिस. न्हाई मरत."

मतदान सुरू झालं. गड्यांची रांग एकीकडे, बायकांची एकीकडे, दार एकच. दहाच्या सुमाराला टँकरचा भोंगा वाजला आणि बायकांची रांग क्षणात पारावर गेली. तिथं भांडण नको म्हणून बंदोबस्ताचा पोलीसही तिकडंच गेला. शाळेच्या अंगणात राहिली ती चुंबळींची रांग. लाल, हिरव्या, विटलेल्या, एक तर नवऱ्याच्या पटक्याची. दारापासून लिंबापर्यंत धुळीत नीट मांडलेली.

नेमकी तेव्हाच जीप आली. जीपमधून जिल्ह्याचे एक साहेब उतरले आणि त्यांच्यामागून तीन परदेशी पाहुणे, दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई. आपल्याकडची निवडणूक कशी होते हे बघायला लांबून आलेले निरीक्षक. त्यांच्याकडे रीतसर पत्र होतं, गळ्यात कॅमेरे होते. साहेब वाटभर त्यांना काय सांगत आले असतील कोण जाणे, पण उतरल्यावर त्यांना दिसली ती चिंध्यांची ओळ.

साहेबांचा चेहरा उतरला. "हा कचरा कुणी टाकला? उचला आधी." ड्रायव्हर हुकमाचा ताबेदार. अक्का आत केंद्राध्यक्षांना पाणी देत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत त्यानं पायानं लोटत निम्म्या चुंबळींचा लिंबाखाली ढीग केला होता.

"पाय लावू नगंस!" अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की गड्यांची रांगसुद्धा गप्प झाली. "बाया हायत त्या. पाय काय लावायलास?"

ड्रायव्हर मागे सरला. साहेब पाहुण्यांना घेऊन दाराकडे निघाले. अक्का त्यांच्या आधी दारात पोचल्या. हात आडवा.

"नंबर लावा."

"बाई, हे परदेशातून आलेत. निरीक्षक आहेत. पत्र आहे त्यांच्याकडे."

"असंल की. पाव्हने हायत, चहा घ्यावा, सावलीला बसावं. आत जायचं तर नंबर लावा. हे दोघं बापे तिकडं गड्यांत, आन् ह्या बाई इकडं बायांत."

"त्यांना मत द्यायचं नाही, बघायचंय."

"तेच म्हनायले मी. बाया मत टाकायला आल्यात, दाखवायला न्हाई. ही गळ्यातली डबडी घेऊन तुमी आत उभे ऱ्हायलाव तर माझी एक बाई आत जायची न्हाई. माघारी जातील. मागच्या डावाला गेल्या, आता न्हाई जाऊ द्यायची."

साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुला नोकरी प्यारी आहे का नाही?" पाहुण्यांच्या देखत बाईला बाजूला ढकलता येत नव्हतं, पोलीस पारावर होता. आतून केंद्राध्यक्षांचा बारीक आवाज आला, "कॅमेरा मात्र आत चालणार नाही साहेब, नियमात नाही." बिचाऱ्यांनी एवढं बोलायलाही बराच धीर गोळा केला असणार.

अक्कांचं लक्ष त्या ढिगाकडे होतं. बायका परत यायच्या आत रांग पुन्हा मांडायला हवी होती, आणि दारही सोडता येत नव्हतं. त्यांनी मला हाक मारली. "गुर्जी, इथं उभा ऱ्हावा. असा हात लावा."

मी उभा राहिलो. मला धाडस होतं म्हणून नाही. त्यांना नाही म्हणायची सवय आम्हाला कुणालाच नव्हती, म्हणून. हात आडवा लावला, पण साहेबांकडे बघितलं नाही. चौकटीवरच्या खडूच्या डागाकडे बघत राहिलो. 

अक्का ढिगापाशी बसल्या. एकेक चुंबळ उचलायची, झटकायची, उलटून बघायची. "ही सुमनची. ही थोरल्या सावित्रीची, तिच्या लेकीच्या बाळंतपनातलं लुगडं. ही फातमाबीची." आणि उठून जागेवर ठेवून यायच्या. ओंदू, एरडू, मूरू. गड्यांच्या रांगेतून कुणीतरी चुकीची जागा सुचवली. "तू गप. तुज्या बायकूची चुंबळ तुला वळखू येत न्हाई," असं त्यांनी त्याला सुनावलं आणि सगळे हसले. मीही हसलो, दारात उभ्या उभ्या. पंधरा-वीस मिनिटांत रांग होती तशी झाली. एक चुंबळ हातात घेऊन त्या जरा थांबल्या, दोन जागांकडे बघितलं, आणि मग ठेवली. तेवढी एकच अडली.

पाहुण्या बाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की या कापडी कड्या म्हणजे बायका आहेत, पाणी भरायला गेल्यात, येतील.  त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला, ओबडधोबड गुंडाळला आणि लिंबापाशी रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. अक्कांनी तो उचलला. "असं न्हाई बाई. घट्ट पीळ घालावा." नीट पिळून परत त्याच जागी ठेवला. बरोबरचे दोन पुरुष गड्यांच्या रांगेत पाचेक मिनिटं उभे राहिले, घड्याळं बघितली आणि साहेबांबरोबर दुसऱ्या केंद्रावर निघून गेले; बाईंना न्यायला जीप मागाहून येणार होती. जाताना साहेबांनी माझ्याकडे आणि अक्कांकडे असं बघितलं की मी दुपारचा डबाच खाल्ला नाही.

बायका परतल्या. ओल्या पदरांनी, धापा टाकत, पण एकीनंही दुसरीला ढकललं नाही. ज्या चुंबळीशी अक्का अडल्या होत्या ती मात्र एक जागा चुकली होती. त्या दोघी जावा होत्या. सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे तू आधी जा म्हणायला त्यांना तोंड उघडावं लागलं.

पाहुण्या बाईंचा नंबर दोन तासांनी आला. नाक लालबुंद झालं होतं. अक्कांनी हात काढला. बाई कॅमेरा बाहेर ठेवून आत गेल्या, भिंतीला लागून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन वहीत काहीतरी लिहू लागल्या. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. रुमाल त्या अक्कांना देऊ लागल्या तर अक्का म्हणाल्या, "आपलं आपन न्यावं."

पाच वाजता केंद्राध्यक्ष रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटू लागले; चिठ्ठी असेल त्याला पाचनंतरही मत देता येई. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दिवसभर दारात उभ्या असलेल्या अक्कांनी स्वतःची चुंबळ ठेवलीच नव्हती. मी तसं म्हणालो. "मला कशाला? मी हाय की हितंच," म्हणाल्या, आणि शेवटच्या म्हातारीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. शेवटची चिठ्ठी त्यांना मिळाली. आत गेल्या, शिक्का मारून बाहेर आल्या, बोटावरची शाई फुंकली आणि रांजणात पाणी उरलंय का ते बघायला गेल्या.

आठवड्यानं चौकशी लागली. माझी फाईलही तोवर नव्या जिल्ह्यात पोचली होती. नोकरी पक्की व्हायची होती. मला जबाब लिहून द्यायला सांगितलं. मी एका ओळीचा दिला : 'सदर बाईने निरीक्षकांना केंद्राच्या दारात अडविले, हे खरे आहे.' खाली सही केली. महिन्याभरात अक्कांना कमी केल्याचं पत्र आलं, आणि तेही मलाच वाचून दाखवावं लागलं.

अक्का बादली आणि रांजणाचं झाकण माझ्या ताब्यात द्यायला आल्या. "काय लिवलंव गुर्जी?"

"तुम्ही अडवलं, असं लिहिलं."

"हाव. अडवलं की. खरंच हाय." मग म्हणाल्या, "सगळ्या बायांची मतं पडली, ते लिवलंव का?"

"नाही."

"का न्हाई?"

"तसं विचारलं नव्हतं, अक्का."

"न्हाई का इचारलं." त्यांना खरोखरच नवल वाटलं. "पर झालं ते तेवढंच की त्या दिशी. दुसरं काय झालं?" झाकण रांजणावर ठेवलं, हात पदराला पुसले. "लिवा मंग कवातरी." त्या दिवशी मीही दारात हात लावून उभा होतो, हे त्यांनी बोलण्यात काढलं नाही. जरा रागानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढं त्या लेकीकडे उदगीरला गेल्या. दोन वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून कळलं की वारल्या. मी मात्र रीतसर पुढे सरकत राहिलो. मुख्याध्यापक झालो, बिलोलीपासून औशापर्यंत किती निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलो, किती नमुने भरले. अक्कांनी सांगितलेलं लिहायला त्यांतल्या कशातच जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. माझं कुणी काही करू शकत नाही, तेव्हा लिहितो. निरीक्षकांना अडवणाऱ्या त्या बाईंच्या जागी काही वेळ हात आडवा लावून मीही उभा होतो. आणि त्या दिवशी रांगेत चुंबळ ठेवून पाण्याला गेलेल्या एकूण एक बाईचं मत पडलं. सगळ्यांच्या शेवटी अक्कांचंही पडलं.